रुंगस्टेडलुंड : माहेरी परतलेल्या लेकीचं घर

शुक्रवार, कोपनहेगन

डेन्मार्कला जायचं ठरलं तेव्हा आमच्या नणंदबाईंची अट एकच होती, राजवाडे फार बघायचे नाहीत. जन्मभर बँकेत कर्जखातं सांभाळल्यामुळे भव्य इमारत दिसली की त्यांना आधी एकच प्रश्न पडतो, पैसा कुणाचा? त्यांची लेक इथे नोकरी करते. तिने शहाणपणाने एका घराभोवती सगळा बेत आखला होता. शहराच्या उत्तरेला समुद्रकाठी रुंगस्टेडलुंड नावाचं घर आहे, लेखिका कारेन ब्लिक्सनचं. जन्म तिथलाच, मृत्यूही तिथेच, आणि मधली सतरा वर्षं आफ्रिकेत.

आज मात्र गावातच फिरलो. ख्रिश्चन्सहाव्न भागात कालव्याकाठी एशियाटिक कंपनीची अठराव्या शतकातली वखार उभी आहे. तिथे परराष्ट्र खात्याचा कारभार चालतो, आणि चौकाचं नाव अजून 'आसियाटिस्क प्लाड्स' असंच आहे. ही कंपनी म्हणजे तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीशी व्यापार करणारे डॅनिश लोक. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने त्यांना जागा दिली. त्याचं सोन्याच्या पत्र्यावरचं पत्र इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेलं आहे. अर्ध्या शतकानंतर तंजावर व्यंकोजीराजांकडे आलं आणि डॅनिशांना वर्षाचा खंड भोसल्यांच्या दरबारात भरावा लागू लागला. सरफोजीराजांना शिकवणारा श्वार्ट्झ पाद्री आधी याच तरंगमबाडीच्या मिशनमध्ये उतरला होता. १८४५ मध्ये डॅनिशांनी ते ठाणं इंग्रजांना विकून टाकलं.

"म्हणजे आपल्या माणसांना भाडं देऊन राहत होते," नणंदबाई म्हणाल्या. हा हिशेब त्यांना फारच आवडला.

भाची म्हणाली, "पण आई, भाडं किती आणि नफा किती?" उत्तर तिच्याकडेच होतं. चीन, बंगाल, कोरोमंडल आणि कॅरिबियन बेटं इथल्या व्यापारावर अठराव्या शतकात कोपनहेगनचे व्यापारी गब्बर झाले. कॅरिबियन बेटांवरच्या साखरेत तर गुलामांचं रक्त होतं. याच पैशातून शहराच्या उत्तरेला तळ्यांकाठी आणि समुद्राकाठी उन्हाळी हवेल्या उठल्या. फुरेसो तळ्याकाठची ड्रॉनिंगगोर्ड ही हवेली फ्रेडरिक द कोनिंक या जहाजमालकाने बांधली, तीही अशाच कमाईतून. नणंदबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, मग उद्याचं घरही त्यातलंच का? नाही. उद्याचं घर मुळात वाटसरूंची खाणावळ होतं.

संध्याकाळ म्हणावी तर उजेड साडेनऊपर्यंत हटत नाही. मे महिन्याच्या अखेरीला इथे झोपायची वेळ घड्याळ बघून ठरवावी लागते.

शनिवार, रुंगस्टेड

हेल्सिंगोरच्या दिशेने जाणारी किनारा रेल्वे पकडली. हा मार्ग १८९७ साली सुरू झाला. त्याआधी या गावांना यायचं म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्याने घोडागाडी नाहीतर बोट. अर्ध्या तासात रुंगस्टेड क्युस्ट स्टेशन आलं. तिथून पायी पंधरा मिनिटं, दोन्ही बाजूंना मोठाली बंगलेवाली घरं आणि नीट कापलेली कुंपणं. मग एकदम समोर समुद्र, शिडांच्या बोटींचं बंदर आणि रस्त्याच्या अलीकडे लाल कौलांचं, लांबट, अंगाने फारसं न वाढलेलं घर. राजवाडा बघायला आलेला माणूस इथे नक्की नाराज होईल. पलीकडे ओरेसुंडची सामुद्रधुनी आणि त्यापलीकडे निळसर पट्टी दिसते ती स्वीडनची.

खाणावळ इथे निदान सोळाव्या शतकापासून होती. कोपनहेगन आणि हेल्सिंगोर यांच्या साधारण मध्यावरची जागा, घोडे बदलायला सोयीची. १७०० साली स्वीडनचा बारावा कार्ल राजा हुम्लेबेकला फौज घेऊन उतरला, तेव्हा त्याचा मुक्काम या खाणावळीत पडला होता असं सांगतात. घराला नाव मिळवून दिलं ते मात्र योहानेस एवाल्ड या कवीने. संधिवाताने आणि दारूने पोखरलेला हा तिशीतला माणूस १७७३ मध्ये इथे येऊन राहिला आणि जवळजवळ दोन वर्षं राहिला. इथल्या सुखावर त्याने एक दीर्घ स्तोत्रकाव्य लिहिलं. डॅनिश राजघराण्याचं गीतही त्याचंच, एका नाटकातलं. मागच्या टेकाडावर तो जाऊन बसे म्हणून त्या टेकाडाला अजूनही एवाल्डचं टेकाड म्हणतात. त्याची खोलीही 'एवाल्डची खोली' याच नावाने ओळखली जाते.

पुढे खाणावळ बंद पडली, वाडीची शेती झाली. १८७९ मध्ये विल्हेल्म डिनेसन नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने ही आणि आजूबाजूची मालमत्ता विकत घेतली. या गृहस्थाचं चरित्र एका माणसाला जरा जास्तच होतं. १८६४ ला प्रशियाविरुद्ध लढला, पुढे फ्रान्सच्या बाजूने पुन्हा प्रशियाविरुद्ध लढला, दोन्हीकडे हरला, मग अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जंगलात मूळ रहिवाशांच्या शेजारी जाऊन राहिला. परत येऊन शिकारीवर सुरेख पत्रं लिहिली, 'बोगानिस' या टोपणनावाने. ती आजही डॅनिश गद्यात मानाने वाचली जातात. संसदेतही निवडून गेला. १८८१ मध्ये त्याने इंगेबोर्ग वेस्टनहोल्त्सशी लग्न केलं. पाच मुलं झाली. कारेन दुसरी, १७ एप्रिल १८८५ चा जन्म. मार्च १८९५ मध्ये विल्हेल्मने गळफास घेतला.

इथे आम्ही तिघी बराच वेळ एका फोटोसमोर उभ्या राहिलो. बापाचा फोटो सगळेच बघतात. मला बघायची होती ती इंगेबोर्ग. चाळिशीही न गाठलेली बाई, पदरात पाच मुलं, धाकटा वर्षाच्या आतबाहेरचा. तिचं माहेर, वेस्टनहोल्त्स घराणं, पैसेवालं होतं. वडील रेग्नार काही काळ देशाचे अर्थमंत्री होते आणि जटलंडमधल्या मॅट्रुप इस्टेटीचे मालक. आईचं माहेरही कोपनहेगनच्या बड्या व्यापाऱ्याचं. घराणं कष्टाळू, नीतीचं, युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाचं. सासरचे डिनेसन त्याच्या उलट, शिकारी, शिपाई आणि मोठ्या घरांत ऊठबस असलेले. कारेनने जन्मभर वडिलांची बाजू घेतली, आईकडच्यांच्या नीतिमत्तेचा तिला जाच वाटे. वाचणाऱ्यालाही तेच पटतं, कारण लिहिते हात तिचे होते. पण घर, शेती आणि पाच पोरं पुढली चव्वेचाळीस वर्षं सांभाळली ती इंगेबोर्गने.

"आणि पैसा?" नणंदबाई.

पैसा वेस्टनहोल्त्स मंडळींचा.

मुलींना शाळेत घातलं नाही. घरीच शिक्षिका, आजी आणि बेस मावशी. या बेस मावशीचं मला फार कौतुक वाटलं. लग्न केलं नाही, डेन्मार्कमध्ये युनिटेरियन मंडळ उभं करणाऱ्यांपैकी एक, आणि १९०९ साली संरक्षणाच्या प्रश्नावर चिडून थेट संसदेच्या सभागृहात घुसली, अध्यक्षांची घंटा वाजवली आणि खासदारांना खडे बोल सुनावले. बायकांना तेव्हा तिथे मतही नव्हतं. भाचीच्या मते डॅनिश संसदेत बोललेली पहिली बाई हीच. कारेनचं आणि तिचं पटत नसे, आणि मला वाटतं दोघींचा पीळ सारखाच असल्यामुळे पटत नसे.

आता आफ्रिका. कारेनचं प्रेम होतं हान्स फॉन ब्लिक्सन-फिनेके या स्वीडिश सरदारपुत्रावर. त्याने दाद दिली नाही, तेव्हा तिने त्याच्या जुळ्या भावाशी, ब्रोरशी, लग्न ठरवलं. १४ जानेवारी १९१४ ला मोंबासाला लग्न झालं आणि ती बॅरनेस झाली. नैरोबीजवळ न्गोंग टेकड्यांच्या पायथ्याशी कॉफीचा मळा घेतला. भांडवल आईकडचं. सयाममध्ये इंजिनिअर म्हणून नाव आणि पैसा कमावलेला आगे मामा कंपनीचा अध्यक्ष, कंपनीचं नाव 'कारेन कॉफी कंपनी'. जमीन सहा हजार फुटांच्या आसपास उंचीवर, कॉफीला ती उंची आणि तिथला पाऊस मानवत नाही. त्यात टोळ, दुष्काळ, कारखान्याला लागलेली आग आणि पडते भाव. ब्रोरचं लक्ष शिकारीत. लग्नाच्या पहिल्याच वर्षात त्याच्याकडून तिला गरमीचा आजार, म्हणजे सिफिलिस, झाला. तेव्हाचा उपचार म्हणजे पारा आणि आर्सेनिक. पुढची जन्मभराची दुखणी आजाराची की औषधांची, यावर तिच्या चरित्रकारांचा वाद आहे. १९२५ मध्ये घटस्फोट.

मामाने पुष्कळ वेळा हात आखडता घेतला, पुन्हा सैल सोडला. नणंदबाईंनी हे ऐकून डोकं हलवलं. "वहिनी, हे ओळखीचं आहे हो. नातलगाला दिलेलं कर्ज. बुडीत खात्यात टाकायलाही मन होत नाही आणि वसूलही करता येत नाही." शेवटी १९३१ मध्ये मळा विकावा लागला. त्याच मे महिन्यात तिचा जिवलग डेनिस फिंच हॅटन स्वतःच्या छोट्या विमानात कोसळून मेला. निघण्याआधी एक काम मात्र तिने हट्टाने पुरं केलं. मळ्यावर राहणाऱ्या किकुयू कुटुंबांना एकत्र राहता येईल अशी जमीन मिळावी म्हणून ती सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिली आणि ती मिळवली. अर्थात जमीन मुळात त्यांचीच होती, हे लक्षात ठेवूनच त्या कामाचं कौतुक करायला हवं. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी तिच्या आफ्रिकेवरच्या लेखनाचा सडकून समाचार घेतला आहे. गोऱ्यांच्या राज्यात जन्मलेल्या आजोबांची नात म्हणून मलाही तिचं पुस्तक वाचताना कितीदा तरी खटकलं होतं. तरी तिची वाक्यं विसरता येत नाहीत हेही खरं.

मार्सेयच्या बंदरात धाकटा भाऊ थॉमस तिला घ्यायला आला. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या पलटणीतून लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हाच तो थॉमस. ऑगस्ट १९३१ च्या शेवटी ती या घरात परत आली. वय शेहेचाळीस, नवरा सोडलेला, प्रियकर गेलेला, माहेरचा पैसा बुडवलेला, तब्येत ढासळलेली. दारात आई, वय पंचाहत्तर.

या खोल्यांमधून फिरताना माझ्या डोळ्यांपुढे सारखं हेच येत होतं. माहेरी परत आलेल्या लेकी आपण काय कमी बघितल्यात? घरात तिची खोली असते, पण कपाटाच्या किल्ल्या आईकडे असतात. जेवणाची वेळ आई ठरवते. पाहुणे आले की ओळख काय करून द्यायची, हा प्रश्न दोघींच्या मनात एकदमच येतो. इथे तर मुलगी बॅरनेस होती, नोकरचाकर आणि शिकारीच्या सफरी यांची सवय झालेली. भावाकडून तिने दोन वर्षांचा खर्च मागून घेतला आणि सांगितलं, पुस्तक लिहिते. थॉमसने दिला. मला या सगळ्या गोष्टीत मोठा जुगार हाच वाटतो, कॉफीच्या मळ्यापेक्षा मोठा.

एवाल्डच्या खोलीत ती लिहायला बसे. वडिलांचं टेबल, भिंतीवर मसाई ढाली आणि भाले, खिडकीतून सामुद्रधुनी. पुस्तक इंग्रजीत लिहिलं. इंग्लंडमधल्या प्रकाशकांनी नाकारलं, अमेरिकेत १९३४ मध्ये 'इसाक डिनेसन' या पुरुषी नावाने निघालं आणि तिथल्या मोठ्या बुक क्लबने उचललं. डॅनिश आवृत्ती तिने स्वतःच नव्याने लिहिली. १९३७ मध्ये आफ्रिकेच्या मळ्यावरचं पुस्तक आलं, 'आउट ऑफ आफ्रिका'. इंगेबोर्ग जानेवारी १९३९ मध्ये गेली, म्हणजे लेकीची दोन्ही पुस्तकं तिने पाहिली. नणंदबाई एवढंच म्हणाल्या, "चला, आईच्या हयातीत काहीतरी वसूल झालं."

घर तिने जसं ठेवलं होतं तसंच ठेवलेलं आहे. पांढरे लेसचे पडदे खिडकीपेक्षा कितीतरी लांब, जमिनीवर लोळणारे. डेनिसची आवडती आरामखुर्ची, त्याने दिलेला ग्रामोफोन, फाराह या तिच्या सोमाली कारभाऱ्याने भेट दिलेली पेटी. आणि प्रत्येक खोलीत ताजी फुलं. या फुलांची रचना ती स्वतः करायची, मोठ्या डौलात, कधी चक्क कोबीची पानं घालून. आजही बागेतली फुलं आणून तिच्या पद्धतीने मांडतात. आज लायलॅक होते आणि आणखी काही पांढरं, ज्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच येईना. घराला सेंट्रल हीटिंग आलं ते १९६० च्या सुमारास, तिच्या आयुष्याच्या अगदी शेवटी. तोवर शेगड्या. ओरेसुंडवरून येणारा जानेवारीचा वारा, अंगावर मांस नाही, आणि ही बाई खोलीत कथा रचत बसलेली.

एक खोली मात्र कुणी दाखवत नाही, दाखवायची गरजही नाही, ते स्वयंपाकघर. ऑक्टोबर १९४३ मध्ये नाझींनी डॅनिश ज्यूंना पकडायला सुरुवात केली तेव्हा सात हजारांवर माणसं या सामुद्रधुनीतून मासेमारांच्या होड्यांनी स्वीडनला निसटली. रुंगस्टेडचं बंदर अगदी समोर. या घराचं दार उघडं ठेवलेलं असे, होडीची वाट पाहणारी कुटुंबं आत, आणि जर्मन शिपाई बागेत. हे ऐकल्यावर कॅफेत जाऊन बसलो. कॅफे म्हणजे पूर्वीच्या गोठ्या-तबेल्यांचा भाग. राईच्या काळ्या पावावर उकडलेलं अंडं आणि कोळंबी. नणंदबाईंनी कोळंबी माझ्या ताटलीत सरकवली.

कॅफेत 'बाबेट'च्या मेजवानीची गोष्ट निघाली. १९५० च्या सुमारास पैशाची चणचण होती, तेव्हा एका इंग्रज मित्राने सुचवलं की अमेरिकन मासिकांना अन्नाबद्दल लिहिलेलं हवं असतं. तिने एका फ्रेंच आचारिणीची गोष्ट लिहिली. लॉटरीत मिळालेले सगळे पैसे ती एका जेवणावर उधळते. १९५० मध्येच ती 'लेडीज होम जर्नल'मध्ये छापून आली. लिहिणारी स्वतः तेव्हा धड जेवू शकत नव्हती, पुढे १९५६ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि शेवटी वजन पस्तीस किलोच्या आसपास आलं. ऑयस्टर, शतावरीचे कोंब आणि शॅम्पेन हा तिचा शेवटच्या काळातला आहार म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात नाटक किती आणि नाइलाज किती, कोण सांगणार. १९५९ मध्ये अशाच अवस्थेत ती अमेरिकेला गेली आणि मॅरिलिन मन्रोबरोबर एका टेबलावर जेवली. तो फोटो इथल्या दुकानात मिळतो.

रविवार, हुम्लेबेक

आज लुइझियाना. जगभरचे लोक ते आधुनिक कलेचं म्युझियम म्हणून बघायला येतात. आम्हीही बघितलं, जॅकोमेटीचे बारीक पुतळे आणि तळ्याची खिडकी. पण मला दाराशीच जास्त मजा आली, कारण म्युझियममध्ये शिरायचं ते एका जुन्या घरातून. १८५५ मध्ये अलेक्झांडर ब्रून नावाच्या राजदरबारी शिकारप्रमुखाने ही हवेली बांधली. त्याच्या तिन्ही बायकांचं नाव लुईस होतं, म्हणून घर लुइझियाना.

"तिन्ही एकदम?" नणंदबाईंनी विचारलं. नाही, एकीनंतर एक.

शतकानंतर क्नुड येन्सन या चीजच्या व्यापाऱ्याच्या मुलाने हे पडीक घर घेतलं आणि १९५८ मध्ये म्युझियम उघडलं. नवीन दालनं काचेची, बसकी, बागेत हळूच वळत जाणारी. जुनं घर पाडलं नाही, त्याला प्रवेशद्वार केलं. चीजच्या पैशाबद्दल नणंदबाईंनी चांगला शेरा दिला. तेच १९५८ साल रुंगस्टेडलुंडलाही महत्त्वाचं आहे, ते उद्या. बाकी दिवस लॉनवर लोळण्यात गेला.

सोमवार, होर्सहोल्म आणि परत रुंगस्टेड

म्युझियम सोमवारी बंद, पण बाग उघडी असते, तिला तिकीट नाही. भाचीने कामाला दांडी मारली नाही, त्यामुळे आज आम्ही दोघीच. आधी बसने होर्सहोल्मला गेलो, किनाऱ्यापासून आत. इथे तळ्यातल्या बेटावर पूर्वी हिर्शहोल्म नावाचा प्रचंड राजवाडा होता. १७७१ च्या उन्हाळ्यात राणी कॅरोलिन मथिल्डे आणि राजाचा वैद्य स्ट्रुएन्से इथे राहिले. राजा मनोरुग्ण, वैद्य प्रत्यक्षात देश चालवत होता आणि राणीचा प्रियकर होता. ७ जुलैला इथेच राजकन्या जन्मली, ती कुणाची हे सगळ्या देशाला माहीत. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये स्ट्रुएन्सेचं डोकं उडवलं. त्या राजवाड्यात मग कुणाला राहावंसं वाटेना. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पाडून विटा-दगड वेगवेगळ्या ठिकाणी वापरून टाकले. आज त्या जागी एक साधं पांढरं चर्च आहे, १८२३ चं. आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर बसून डब्यातले ठेपले खाल्ले.

एवाल्ड खाणावळीत आला तो स्ट्रुएन्सेच्या शिरच्छेदानंतर एका वर्षाने. म्हणजे इथून थोड्या अंतरावर राजवाडा ओस पडत होता आणि तिकडे दारूडा कवी खाणावळीच्या खोलीत बसून तिला अडीचशे वर्षांचं आयुष्य देत होता. राजवाड्यांविषयीची नणंदबाईंची अट मला आता थोडी पटायला लागली.

उतारावरून किनाऱ्याकडे चालत आलो. वाटेत फोलेहावेचा परिसर लागतो. आजी आणि बेस मावशी तिथे राहायच्या. मुलींवर नजर ठेवायला अंतर अगदी बेताचं.

रुंगस्टेडलुंडच्या मागची बाग म्हणजे बाग आणि रान यांच्या मधलं काहीतरी, सुमारे सोळा हेक्टर. बीच वृक्षांची नवी पालवी, पायवाटा, एक तळं, गवत मुद्दाम न कापलेलं. पक्ष्यांचा कलकलाट इतका की बोलायला आवाज चढवावा लागला. ही जागा विकून प्लॉट पाडले असते तर आज कोट्यवधींचे बंगले झाले असते. कोपनहेगनच्या उत्तरेचा हा किनारा देशातला महागड्यांपैकी. कारेनला मूलबाळ नव्हतं. तिने भावंडांशी ठरवून रुंगस्टेडलुंड फाउंडेशन काढलं, घर, जमीन आणि आपल्या पुस्तकांचे हक्क संस्थेच्या नावे केले आणि बाग पक्ष्यांसाठी राखीव ठेवायचं ठरवलं. देखभालीला पैसा हवा होता. जुलै १९५८ मध्ये ती रेडिओवर बोलली. रेडिओवरच्या तिच्या गप्पा लोकांना फार आवडत. तिने ऐकणाऱ्यांना सांगितलं, प्रत्येकाने एक क्रोन पाठवा. जास्त नको. ऐंशी हजारांहून जास्त क्रोन जमले.

नणंदबाई थांबल्या. "एकेक रुपयाने ऐंशी हजार? टपाल उघडायला किती माणसं लागली असतील." मग म्हणाल्या, "पण वहिनी, बाई हुशार. मोठी देणगी दिली की देणारा हक्क सांगतो. एक रुपया देणारा हक्क सांगत नाही, पण विसरतही नाही." कर्जखात्यातल्या माणसाचं हे मत मी जसंच्या तसं लिहून ठेवलं.

एवाल्डच्या टेकाडाच्या पायथ्याशी एका जुन्या अवाढव्य बीचखाली तिची कबर आहे. सपाट दगड, त्यावर फक्त नाव. तारखा नाहीत, बॅरनेस नाही, लेखिका नाही. ७ सप्टेंबर १९६२ ला ती घरातच गेली. त्यानंतर तिची सेक्रेटरी क्लारा स्वेन्सन कागदपत्रं आणि लेखन जपत राहिली. नोटेवर तिचा चेहरा आला तो १९९७ च्या मालिकेत, पन्नास क्रोनच्या. आता ती नोट बदलली आहे.

संस्थेकडे पैसा मात्र बरीच वर्षं बेताचाच होता. चित्र पालटलं १९८५ नंतर. 'आउट ऑफ आफ्रिका' सिनेमा आला, ऑस्कर मिळाले आणि पुस्तकं जगभर पुन्हा खपू लागली. त्या मानधनातून घर दुरुस्त झालं, तबेल्याचं दालन झालं आणि १४ मे १९९१ ला राणी मार्गरेटच्या हस्ते म्युझियम उघडलं. १४ मे म्हणजे डेनिसचं विमान कोसळलं त्याला बरोबर साठ वर्षं झाली तो दिवस. ज्या मळ्याने माहेरचा पैसा गिळला, त्याच मळ्याच्या आठवणींनी माहेर सावरलं, यावर आमच्या दोघींचं एकमत झालं. व्याजाचा हिशेब धरला तर मूळ मुद्दल फिटलं का, यावर झालं नाही. न्गोंगच्या पायथ्याचं तिचं घरही म्युझियम आहे, आणि नैरोबीच्या त्या उपनगराला कारेन म्हणतात.

परतीच्या गाडीत भाचीला फोन लावून एक गोष्ट तपासून घेतली. लेखकाच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी त्याच्या पुस्तकांवरचे हक्क संपतात, म्हणजे कारेन ब्लिक्सनचे २०३२ च्या अखेरीला. त्यानंतर कुणीही तिची पुस्तकं छापेल आणि रुंगस्टेडलुंडला त्यातलं काही मिळणार नाही. नणंदबाईंनी पिशवीतून कालपरवाची तिकिटं काढली, घराच्या प्रवेशाचे दर पुन्हा एकदा वाचले, वर्षाला किती माणसं येत असतील याचा अंदाज मांडला आणि म्हणाल्या, "नुसत्या तिकिटांवर भागणं कठीण दिसतंय. त्यांनी पुन्हा रेडिओवर जायला हवं."